राजाचा हुकूम आणि टेलिफोन ऑफिसातला डबा

राजा स्वतःच्या हाताने टेलिफोनची तार कापतो, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

वाटत असेल तर तुमचा दोष नाही. वर्तमानपत्रं तसंच लिहितात. राजाने सरकार बरखास्त केलं, राजाने फोन बंद पाडले, राजाने संचारबंदी लावली. एकटा माणूस आणि एका दिवसात केवढी ही कामं! मीही हे असंच वाचत आणि मानत आले होते. नेपाळच्या राजाची सत्ता जाताना मी पाहिली नाही, ऐकली. तीही काठमांडूत नव्हे, जर्मनीत, कोलोन शहरातल्या एका कॉलशॉपच्या काउंटरमागे बसून.

विद्यापीठात शिकता शिकता मी तिथे तीन वर्षं काम केलं. यंदा ते दुकान बंद झालं. यंदाच नेपाळात राजाचं पदही कायमचं रद्द झालं. दुसऱ्या बातमीचा आनंद मोठा होता. पण खरं सांगायचं तर पहिलीची हळहळ अजून गेलेली नाही.

कॉलशॉप म्हणजे आपल्याकडच्या एसटीडी बूथचा जर्मनीतला चुलतभाऊ. आमच्याकडे काचेच्या दारांच्या आठ केबिन होत्या. प्रत्येकीत एक फोन, एक स्टूल आणि भिंतीवर लोकांनी पेनाने लिहून ठेवलेले जगभरचे नंबर. काउंटरवरच्या स्क्रीनवर कुठल्या केबिनमधून कुठल्या देशात बोलणं चाललंय ते दिसायचं. इथे परदेशातून आलेली माणसं घरी बोलायला यायची. तुम्ही विचाराल, घरी फोन नाही का घेता येत? जर्मनीत फोनच्या करारासाठी बँकेतलं खातं लागतं, खात्यासाठी राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, म्हणजे अन्मेल्डुंग लागते, आणि एका खोलीत पाच जण राहत असतील तर घरमालक त्यातल्या एकाचीच नोंद करू देतो. उरलेले चौघं आमचे गिऱ्हाईक.

समोरच्याने फोन उचलला की मीटर सुरू. नाही उचलला तर काही नाही. हा नियम सगळ्यात नेमका ओळखला होता एका बोस्नियन आजोबांनी. ते रोज दुपारी यायचे, दोन नंबरच्या केबिनमध्ये बसायचे, एक नंबर फिरवायचे आणि कितीतरी वेळ नुसती घंटी ऐकायचे. मग बाहेर येऊन मान लववून जायचे. मला वाटायचं बिचाऱ्यांचं कोणी फोन घेत नाही. मालकाने सांगितलं, तो त्यांच्या स्वतःच्या घराचा नंबर आहे. युद्धात सोडून आलेल्या रिकाम्या घरात घंटी वाजते, ती ऐकायला येतात. एक दिवस तिकडे कोणीतरी फोन उचलला. आजोबांनी लगेच रिसीव्हर ठेवला, काउंटरवर नाणं ठेवलं आणि परत कधी आले नाहीत.

धंद्याचा पहिला नियम असा की ऐकायचं नाही. काच असली तरी आवाज येतोच, पण तो आपल्यासाठी नसतो. दुसरा नियम, निरोपात स्वतःचं काही घालायचं नाही. पहिला मला जमला. दुसरा जमवताना जीव गेला, कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मूळची इचलकरंजीची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये. मला अक्षरओळख झाली तीच ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या शब्दांनी. शाळेतून आले की पत्रकांच्या घड्या घालायला बसायचं. क्रांती कशी होते हे मला दहाव्या वर्षीच पाठ होतं. चौक भरतो, झेंडे येतात, घोषणा होतात, फाटक पडतं. फाटकाच्या आतल्या माणसांबद्दल आमच्या पत्रकांत काही नसायचं. फक्त एक शब्द असायचा, ‘हस्तक’.

दुकानाचा मालक बेहरूझ इराणी. पन्नाशीतला, कायम एकाच तपकिरी स्वेटरमध्ये. तोही तरुणपणी राजा घालवून आलेला माणूस. मी उत्साहाने विचारलं होतं, "तू चौकात होतास?"

"नाही," तो चहात खडीसाखर बुडवत म्हणाला. "मी वीज कंपनीत होतो. बातम्यांची वेळ झाली की आम्ही अख्ख्या शहराची वीज घालवायचो. राजाचं बोलणं कोणाला ऐकूच जायचं नाही."

"केवढं भारी!"

"हो, हो. मग नवे लोक आले, आणि आम्ही त्यांच्यासाठी वीज परत चालू केली. म्हणून आज मी इथे तुला पगार देतोय." एवढं बोलून तो पावत्यांच्या प्रिंटरचा कागद बदलायला गेला. या विषयावर त्याने मला त्याहून मोठं भाषण कधी दिलं नाही.

आता तेजदाइ. तेजबहादूर हे आमच्या रस्त्यावरच्या भारतीय रेस्टॉरंटमधले नेपाळी आचारी. दाइ म्हणजे दादा. ते मला बहिनी म्हणायचे आणि आमचं सगळं बोलणं हिंदीत चालायचं. भारताच्या सीमेलगतच्या एका गावात त्यांची आई आणि धाकटी बहीण सरिता राहायच्या. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, सरिता अजून तिथेच नोकरी करते. सरिता गावातल्या टेलिफोन ऑफिसात हंगामी कर्मचारी होती, आणि तेजदाइंना याचा कोण अभिमान! "माझी बहीण फोनवाली," असं ते प्रत्येक फोनआधी न चुकता सांगायचे.

दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत राजाने सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. त्या दिवशी तेजदाइ केबिनमधून चिडून बाहेर आले. "बहिनी, तुमची लाइन खराब आहे."

मी दुसरी केबिन दिली, दुसऱ्या कंपनीची लाइन लावली, काठमांडूचा नंबर लावून पाहिला. सगळीकडे एकच शांतता. नुसती शांतता, रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाजसुद्धा नाही. बेहरूझने माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन कानाला लावला.

"हा बिघाड नाही," तो म्हणाला. "बिघाड वेडावाकडा असतो, एक नंबर लागतो, दुसरा लागत नाही. हे सरळ रेषेत आहे. हा हुकूम आहे."

तेजदाइ स्टुलावर बसले. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे आमच्या गावची लाइन आमच्या सरितानेच..."

बेहरूझने रिसीव्हर जागेवर ठेवला.

तेव्हा मला पीपी आठवला. माझ्या वयाच्या वाचकांनाही आठवेल. घरात फोन नसायचा, मग अर्जावर शेजाऱ्यांचा नंबर लिहून पुढे कंसात ‘पीपी’ लिहायचं. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या. सीमा उघडी होती, पलीकडे बिहारचं गाव, तिथे एसटीडी बूथ असणारच. तेजदाइंना एक माहीत होता, गावाकडे जाता-येता ते तिथूनच फोन करायचे. तो नंबर लावला. बूथवाले गुप्ताजी लाइनवर आले. मी हिंदीत ओरडून सांगितलं, अमुक गावच्या सरिताला निरोप द्या, तिच्या दादाचा जर्मनीहून फोन आहे, उद्या याच वेळी करते. आणि ठेवून दिला.

बेहरूझ बघतच राहिला. "आल्झो, म्हणजे तू एका अनोळखी माणसाला फोन केलास, आणि दुसऱ्या देशात जाऊन एका बाईला बोलावून आण म्हणून सांगितलंस?"

"हो."

"आणि तो जाणार?"

"न जायला काय झालं? फोन त्याच्याकडे आलाय!"

दुसऱ्या दिवशी सरिता गुप्ताजींच्या बूथवर हजर होती. बेहरूझने त्या दिवसापासून माझ्याकडे जरा आदराने बघायला सुरुवात केली. त्या आठवड्यात कोलोनमधल्या निम्म्या नेपाळ्यांचे निरोप गुप्ताजींनी पोचवले. पुढे साध्या लाइनी सुरू झाल्या आणि गुप्ताजी आमच्या आयुष्यातून गेले असं वाटलं.

पण पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये देश पेटला. सगळे पक्ष एकत्र आले, बेमुदत बंद पुकारला गेला, लोक संचारबंदी मोडून रस्त्यावर यायला लागले, गोळीबार झाले. मोबाइल पुन्हा बंद. आमच्या दुकानात कामापेक्षा गर्दी जास्त. लोक फोन लागत नसतानाही येऊन उभे राहायचे.

अशाच एका रविवारी एक पुणेकर गिऱ्हाईक आलं. सॉफ्टवेअरमधले काका, दर रविवारी बायकोला घेऊन यायचे. घरी फोन होता, पण आमच्याकडे स्वस्त पडायचं. काकू आत केबिनमध्ये सासूबाईंशी बोलत होत्या, "अहो आई, ऐकू येतंय का? अहो, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या!" आणि काका बाहेर माझ्याशी.

"वाईट वाटतं गं. जगात एकच हिंदू राजा उरला होता."

"त्याच्या गोळीने मेलेलेही हिंदूच आहेत, काका."

"तुम्हा मुलांना सगळं उलथवायची घाई. राजा गेला की देश एकत्र राहत नाही, बघ."

मागे रांगेत तेजदाइ होते. ते अगदी नम्रपणे हिंदीत म्हणाले, "साहेब, एवढा आवडत असेल तर तुम्ही घेऊन जा. पुण्यात जागा असेलच."

काका हसले, पण जरा उशिरा. तेवढ्यात काकूंनी काचेवर टकटक करून त्यांना आईशी बोलायला आत बोलावलं आणि त्यांची सुटका झाली.

तेजदाइ हसले नव्हते. त्यांना गुप्ताजी हवे होते. बातमी अशी होती की सरकारी कर्मचारीही काम सोडून आंदोलनात उतरतायत. सरिताचे कायम नोकरीचे कागद वर गेले होते, आज-उद्या हुकूम निघायचा होता. आईला दम्याचा त्रास, तिचं औषधपाणी त्या पगारावर.

"निरोप सांग," ते म्हणाले. "काही झालं तरी ऑफिस सोडू नकोस. रोज हजेरी लाव. दाइने सांगितलंय."

"दाइ, सगळे बाहेर पडले तर राजा एक आठवडा टिकणार नाही. आणि तुम्ही तिला आत बसायला सांगताय?"

"तुझं पत्रक चार पानांचं आहे, बहिनी. वाचून झालं की त्यात भजी बांधता येतात. तिची नोकरी गेली तर आईला काय बांधून देऊ?"

मला राग आला. खूप आला. मी बेहरूझकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत नव्हता. मग मी फोन लावला आणि गुप्ताजींना निरोप दिला, जसाच्या तसा, ‘दाइने सांगितलंय’ सकट.

काही दिवसांनी दुपारी दुकानातला फोन वाजला. आमच्याकडे बाहेरून फोन क्वचितच यायचा. गुप्ताजी होते. "मॅडम, सरिता इथे आहे. संचारबंदी थोडा वेळ उठलीय, तेवढ्यात शेतातून आलीय. दादाला बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो." पीपी आता उलट्या दिशेने सुरू झाला होता. मी एप्रन घातलेल्या तेजदाइंना रेस्टॉरंटच्या मागच्या दारातून ओढत आणलं.

तीन नंबरच्या केबिनमध्ये फोन जोडून दिला. ऐकायचं नाही हा नियम. पण काम करता करता आपण पाठी वाचायला शिकतो. आनंदाची पाठ हलत असते, भांडणाची ताठ असते. तेजदाइंची पाठ हळूहळू खाली गेली, जसं कोणी खांद्यावर पोतं ठेवावं. मग दार उघडलं. रिसीव्हर तारेला लोंबत होता.

"तू बोल तिच्याशी," ते म्हणाले. "मला काही सुचत नाही."

त्यांच्याकडून कळलं ते असं. टेलिफोन ऑफिसातले कायम नोकरीवाले सगळे उठून बाहेर गेले होते. दाइचा निरोप पाळून सरिता एकटी आत हजेरी लावत होती. त्यामुळे हुकूम आला तेव्हा तो ज्याला द्यायचा असा माणूस एकच उरला होता. हुकूम होता, गावच्या इस्पितळाची लाइन तोड. तिथले डॉक्टर जखमींची खबर बाहेरच्या बातमीदारांना देत होते. काम एवढंच, गावातल्या सगळ्या लाइनी जोडलेल्या फळीवरच्या दोन पिना काढायच्या. संध्याकाळपर्यंत. ऑफिसच्या फोनवर बोललं तर साहेब ऐकतात, म्हणून ती सीमा ओलांडून आली होती. आणि दाइला विचारत होती, तू सांगितलंस म्हणून मी आत बसले. आता तूच सांग, काढू का?

मी रिसीव्हर कानाला लावला. लहानपणापासून घड्या घातलेली सगळी पत्रकं माझ्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. ‘हस्तक’ हा शब्द जिच्यासाठी वापरायचा ती बाई माझ्या कानात धापा टाकत होती, आणि तिची नोकरी माझी नव्हती.

"सरिता, मी दुकानातली," एवढंच म्हटलं. मग विचारलं, "बाहेर पडलेले तुमचे लोक कुठे आहेत?"

"फाटकासमोर बसलेत. ऑफिसच्या."

"तुला काही बोलतात? शिव्या देतात?"

"नाही." थोडा वेळ खरखर. "डबा पाठवतात."

"काय?"

"दुकानं बंद आहेत ना. एकटी आत काय खाईल म्हणून रोज डबा आत पाठवतात. आजचा माझ्या पिशवीत आहे."

"खाल्ला नाहीस?"

"कालचाही नाही खाल्ला. त्यांचा डबा खाऊन पिना कशा काढू?"

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि हे सगळं मोठ्याने तेजदाइंना सांगितलं. माझ्याकडून एक शब्द घातला नाही. बेहरूझ काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा होता. हिंदी त्याला येत नव्हती, पण डब्याची गोष्ट त्याला कळली असावी, कारण त्याने रेडिओ बंद केला.

तेजदाइंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. या वेळी केबिनचं दार लावलं नाही.

"आज डब्यात काय आहे?" त्यांनी विचारलं. मग ऐकलं. मग म्हणाले, "भात गार झाला असेल. परत जा. फाटकाशी बस. त्यांच्याबरोबर खा."

पलीकडून ती काहीतरी बोलली असावी, आईबद्दल किंवा कागदांबद्दल. "ते मी बघतो," दाइ म्हणाले. "तू आधी जेव."

फोन ठेवून ते एप्रनने तोंड पुसत निघून गेले. रेस्टॉरंटमध्ये दुपारची गर्दी होती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काही दिवसांतच राजाने माघार घेतली, बरखास्त केलेली संसद परत आली. सरिताच्या गावी नेमकं काय झालं ते नंतर तिनेच दाइंना सांगितलं. ती फाटकाशी जाऊन बसली. संध्याकाळी साहेब स्वतः आत गेले. एवढ्या पिनांमधल्या इस्पितळाच्या कुठल्या हे त्यांना ओळखता येईना, म्हणून खिडकीतून बाहेरच्यांना विचारायला आले. फाटकाशी बसलेल्यांपैकी कोणालाच आठवेना. इस्पितळाचा फोन चालू राहिला.

सरिताने राजा पाडला असं मी म्हणणार नाही. राजा पाडला तो जीव धोक्यात घालून रस्त्यावर उतरलेल्या लाखोंनी, आणि गोळ्या खाल्लेल्यांनी. पण मला लहानपणापासून वाटत आलं होतं की फाटक बाहेरून ढकलून पडतं. ते आतूनही उघडावं लागतं, हे मला कोणत्याच पत्रकाने सांगितलं नव्हतं. आतली माणसं शिव्या खाऊन बाहेर येत नाहीत, हेही सांगितलं नव्हतं. त्या फाटकासमोरच्या लोकांनी ‘हस्तक’ म्हणून दगड मारला असता तर सरिताने पिना काढल्या असत्या. हे माझं मत नाही, तिचंच म्हणणं आहे.

आणि शेवट गोड नाही, तेही सांगून टाकते. कायम नोकरीचा तिचा कागद अजून वरच आहे. राजाच्या काळी अडला होता, लोकांच्या राज्यातही अडलाय. बेहरूझला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे ‘अगदी तसंच!’, आणि त्या एका शब्दात त्याचं सगळं आयुष्य होतं. तरी दुकान बंद करायच्या दिवशी केबिनमधले फोन काढताना त्याने तीन नंबरचा तेवढा कागदात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवला. तेजदाइ आईला फोन करायला आता मित्राच्या कॉम्प्युटरवर जातात. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान गेलं, याची तक्रार कुठे करायची?

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्या बाबांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक मागणं असायचंच, त्याशिवाय मला लिहिणं संपल्यासारखं वाटत नाही.

तुमच्या नात्यात, ओळखीत असा कोणीतरी नक्की आहे ज्याच्या हाताखाली एखादी कळ असते. टेलिफोन खात्यात, वीज मंडळात, पाणीपुरवठ्यावर, सरकारी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात. आपल्याकडे राजा नाही, हे मला माहीत आहे. हुकूम येण्यासाठी राजाच लागतो असं नाही. हा अंक मिटलात की त्या माणसाला फोन करा. त्याला विचारा, लोकांवर काही बंद करायचा हुकूम तुझ्याकडे आला तर तू काय करशील? त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या, मध्ये स्वतःचं काही घालू नका. आणि फोन ठेवण्याआधी त्याला सांगा की तसा दिवस आलाच, तर डबा तुमच्या घरून येईल.

फोन आजच करा. आज लाइन चालू आहे.